मूठभर ज्वारीचा हिशेब

2025 च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरांवरून रणकंदन माजलं. विधान परिषदेत प्रश्न आला, शहरातले 51 कबुतरखाने बंद करा असं सरकारने महापालिकेला सांगितलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, असं न्यायालयाने जुलैअखेर बजावलं. ऑगस्ट उजाडताच दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली. 6 तारखेला जमावाने ती फाडली. 11 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने यात पडायला नकार दिला आणि मग बंदीच्या बाजूने मराठी संघटनाही रस्त्यावर आल्या. तोवर वादाला मराठी विरुद्ध जैन असा रंग चढलाच होता. या गदारोळात फुप्फुसांवर बोलणं झालं, धर्मावर झालं, येऊ घातलेल्या महापालिका निवडणुकीचं गणित तर सगळेच मनातल्या मनात मांडत होते. पक्ष्यांबद्दल मात्र कुणी फारसं तोंड उघडलं नाही. एका बाजूला कबुतर म्हणजे मुका जीव, दुसऱ्या बाजूला कबुतर म्हणजे रोगाचं घर. या शहरात इतरही पक्षी राहतात, हे दोन्हीकडच्यांच्या गावी नव्हतं.

मला त्या इतरांच्या बाजूने बोलायचं आहे. चौकात, गच्चीत, खिडकीच्या कट्ट्यावर रोज धान्य टाकणं थांबावं असं माझं मत आहे, आणि त्याचं पहिलं कारण माणसाचं आरोग्य नाही. ते कारण आहेच, त्याच्याकडे येतो. पहिलं कारण असं, की ही दया ‘पक्ष्यांवर’ म्हणून केली जाते आणि पोचते जवळपास एकाच पक्ष्याला. बाकीच्यांच्या हाती धुपाटणं.

पारवा हा मूळचा कड्याकपारींतला पक्षी. सह्याद्रीच्या कड्यांवर, किल्ल्यांच्या बुरुजांत, जुन्या विहिरींच्या दगडी कपारींत तो आजही राहतो. शहरातलं कबुतर म्हणजे तोच पारवा, माणसाने पाळलेला आणि पुन्हा मोकळा झालेला. त्याच्या नजरेतून पाहिलं तर पंधरा मजली इमारत हा उत्तम कडा आहे. एसीच्या सांगाड्यामागची जागा, डक्टमधली आडवी पाइपलाइन, बंद फ्लॅटचा सज्जा, सगळ्या तयार कपारी. घराचा प्रश्न आपण बिल्डरांमार्फत सोडवून दिलाय. उरला अन्नाचा, तोही आपणच सोडवतो. कबुतराची मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, ती अठराएक दिवसांत उबतात आणि महिनाभराने पिल्लू उडायला लागतं. अन्न बारमाही मिळालं तर वीणही बारमाही चालते. शिवाय कबुतराच्या कुळाकडे एक सोय आहे जी आपल्या अंगणातल्या इतर पक्ष्यांकडे नाही. नर आणि मादी, दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत दुधासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि पिल्लं पहिले काही दिवस त्यावरच वाढतात. म्हणजे आईबापांना नुसती ज्वारी-बाजरी मिळाली तरी पिल्लाच्या पोटाची सोय होते. किडामुंगी शोधायची गरज नाही, पावसाची वाट पाहायची गरज नाही, ऋतूची अडचण नाही.

आता चिमणीचं पाहा. मोठी चिमणी दाणे टिपते, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि मऊ किडेच लागतात. दाणे भरवून ती जगत नाहीत. बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंपी, वटवट्या या सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच. फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांसाठी कोळी आणि बारीक किडे पकडतो. यांच्यासमोर ज्वारीचं पोतं ओतलं तरी ते जागच्या जागी राहील, किंवा कबुतरं येऊन संपवतील. चिमण्या, होले असे दाणे टिपणारे थोडे पक्षी त्या ढिगाऱ्यावर येतातही, पण कबुतरांच्या गर्दीत त्यांना फारसं काही मिळत नाही. ज्याला शंका असेल त्याने कुठल्याही चालू कबुतरखान्यासमोर तासभर उभं राहून कबुतर सोडून इतर काय काय दिसतं ते मोजावं. कावळे दिसतील. रात्री उंदीर.

‘आमच्या लहानपणी घरात चिमण्या होत्या, आता दाणे ठेवूनही येत नाहीत’ ही तक्रार प्रत्येक कौटुंबिक समारंभात ऐकू येते. ठपका लगेच मोबाईलच्या टॉवरवर. त्यासाठी भक्कम पुरावा आजवर पुढे आलेला नाही. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून 2020 मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात असं दिसलं की देशाचा एकूण विचार केला तर चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, पण मुंबईसह मोठ्या महानगरांत ती कमी होत चालली आहे. म्हणजे खेड्यात चिमणी आहे, तालुक्याच्या गावाला आहे, टॉवर तिथेही आहेत. महानगरात काय नाही? भिंतीत भोक नाही, कौल नाही, तसबिरीमागची तिरकी जागा नाही. मोकळी माती नाही, गवत नाही, आणि म्हणून किडे नाहीत. आजीच्या काळात चिमणीला कुणी ‘खाऊ’ घालत नव्हतं. अंगणात सुपाने धान्य पाखडलं जायचं, कण्या सांडायच्या, गोठ्यात माश्या असायच्या, परसात शेणखताचा उकिरडा असायचा, त्यावर अळ्यांचा सुकाळ. चिमणी आपल्या अव्यवस्थेवर जगत होती. आपण घरं चकचकीत केली, अंगणात फरशी घातली आणि मग वाटीत तांदूळ ठेवून तिची वाट पाहत बसलो. दर 20 मार्चला जागतिक चिमणी दिन येतो. 2010 पासून तो साजरा व्हायला लागला आणि त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत, याचा आपल्याला अभिमान असायला हरकत नाही. पण त्या दिवशी वाटलेलं लाकडी खोकं नवव्या मजल्यावर टांगायचं आणि खाली सोसायटीच्या बागेत महिन्याच्या महिन्याला कीटकनाशकाची फवारणी करून घ्यायची, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. खोकं मिळालेल्या चिमणीने पिल्लांना भरवायचं काय?

आरोग्याकडे येतो. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या भुकटीतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती हळूहळू निबर होत जातात. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. उशिरा कळला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. फुप्फुसांच्या अशा दीर्घ आजारांच्या 1,084 रुग्णांची नोंद देशातल्या 27 केंद्रांनी मिळून केली होती आणि ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ निम्म्यांना, 47.3 टक्के रुग्णांना, हाच आजार निघाला. वाद पेटला की हा आकडा हटकून कबुतरांच्या नावावर लावला जातो. तो तसा नाही. त्याच नोंदीत या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या गोष्टींमध्ये सगळ्यांत वर होता एअर कूलर, ज्याच्या ओल्या पॅडवर बुरशी धरते. पक्षी त्याखाली. मला हे सांगणं भाग वाटतं, कारण बाजू बरोबर असली म्हणजे फुगवलेला आकडा वापरायचा परवाना मिळत नाही. आणि फुगवायची गरजही नाही. ज्याच्या खिडकीखाली दोनशे कबुतरं रोज जेवतात त्याला दम लागला, तर देशात कूलरवाले रुग्ण जास्त आहेत हे ऐकून त्याचं समाधान होणार नाही.

याहून रोजचा जाच वेगळाच आहे. एका घरातून दाणे पडतात आणि सगळी इमारत जाळीत जाते. मुंबई, ठाणे, पुण्यात नव्या-जुन्या कुठल्याही वसाहतीकडे मान वर करून पाहा. खालपासून वरपर्यंत नायलॉनची जाळी. एकेका फ्लॅटला हजारो रुपये मोजून माणसांनी स्वतःला पिंजऱ्यात घेतलंय आणि जाळीच्या फाटक्या कोपऱ्यात अडकून कबुतर दोन-दोन दिवस फडफडतंय. पुण्य एकाच्या खात्यावर, खर्च चाळीस बिऱ्हाडांच्या. अशा व्यवहाराला सोसायटीच्या सभेत दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मंजुरी मिळाली नसती. इथे मिळते, कारण समोर पाटी दयेची असते आणि दयेला नाही म्हणायला माणूस बिचकतो.

ती दया खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सकाळी देवळातून येताना पसाभर जोंधळे टाकणारी म्हातारी कुणाला त्रास द्यायला घराबाहेर पडलेली नसते. जीवदया हा जैन परंपरेचा गाभा आहे, आणि गायीला घास, काकबळी, मुंग्यांना साखर ही आपल्याकडचीच रीत. बंदीच्या बाजूने बोलताना ज्यांनी एका समाजाला लक्ष्य केलं, त्यांनी प्रश्न सोपा केला आणि नासवलाही. पण परंपरा एका सवयीत बांधलेली नसते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. पंख मोडलेली, मांज्याने कापलेली पाखरं तिथे विनामूल्य बरी केली जातात. (मांसाहारी पक्ष्यांना तिथे मुक्काम मिळत नाही, बाहेरच्या बाहेर उपचार होतात. घार-ससाण्यांनी हे मनावर घेतल्याचं ऐकिवात नाही.) मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय 1883 पासून उभं आहे आणि संक्रांतीच्या दिवसांत तिथे मांज्याने जखमी झालेले पक्षी येतच असतात. जीवदयाच करायची तर तिची जातकुळी ही. ज्याला वेदना आहे त्याच्यावर खर्च होतो आणि तो बरा होऊन उडून जातो. धडधाकट कबुतराला पोटभर जेवू घालण्यात दया आहे असं मानलं, तरी त्यातून जन्मणारी जास्तीची पिल्लं डक्टमध्ये चेंगरून, जाळीत अडकून, गाडीखाली मरतात त्याची जबाबदारी कुणाची? हा प्रश्न मी जीवदयेच्याच भाषेत विचारतोय.

सरकारने मात्र हे प्रकरण हाताळलं ते दोन्ही टोकांनी चुकीचं. वर्षानुवर्षं जिथे रोज पोती रिकामी होत होती तिथे एका आठवड्यात ताडपत्री टाकायची, हा बंदोबस्ताचा विचार झाला. त्यात पक्ष्यांचाही नाही आणि माणसांचाही नाही. कबुतरं तेवढ्याने नाहीशी होत नाहीत. ती भुकेने आसपासच्या खिडक्यांवर, फेरीवाल्यांच्या टोपल्यांवर जातात, काही मरतात, आणि ती मेलेली कबुतरं दाखवून पुन्हा दाण्यांची मागणी होते.

याहून शहाणपणाने वागलेलं शहर आहे. स्वित्झर्लंडमधलं बासेल. तिथे 1961 ते 1985 या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली आणि संख्या मात्र वीस हजारांच्या आसपास जिथल्या तिथे राहिली. मारलेल्यांची जागा नव्या पिल्लांनी भरून काढली, कारण अन्न तेवढंच होतं. 1988 मध्ये त्यांनी वाट बदलली. मारणं सोडलं आणि लोकांना समजावायला सुरुवात केली, की तुम्ही दाणे टाकता म्हणून गर्दी होते आणि गर्दीमुळे कबुतरांचेच हाल होतात. सोबत देखरेखीखालची खुराडी उभारली, म्हणजे ज्यांना कबुतरांचा लळा आहे त्यांना जायला जागा राहिली. चारेक वर्षांत कबुतरं साधारण निम्म्यावर आली. लंडनने 2003 मध्ये ट्रफाल्गर चौकात आणि व्हेनिसने 2008 मध्ये सेंट मार्क चौकात दाणे टाकायला मनाई केली. पण मला बासेलचं उदाहरण जास्त पटतं, कारण तिथे नियमाआधी समजूत आली. दादरला हे करता आलं नसतं का? दाण्यांचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वर्षभरात शून्यावर आणायचं, धान्याची विक्री आधी बंद करायची, समोरच्या मंदिराच्या विश्वस्तांना बरोबर घ्यायचं, मुनी महाराजांच्या प्रवचनातून ते सांगितलं जाईल असं पाहायचं. वेळ लागला असता. ताडपत्री फाटली नसती.

दुसरं टोक ऑक्टोबरात आलं. महापालिकेने चार जागा तात्पुरत्या ठरवून दिल्या. वरळीचा जलाशय, अंधेरीत लोखंडवालामागचा खारफुटीलगतचा रस्ता, ऐरोली-मुलुंड जकात नाका आणि बोरिवलीचं गोराई मैदान. सकाळी सात ते नऊ दाणे टाकायला मुभा. यामागचा हिशेब सरळ आहे, वस्तीपासून लांब न्या म्हणजे तक्रार थांबेल. पण खारफुटीची कड ही काही ओसाड जागा नव्हे. खंड्या, बगळे, वटवट्ये आणि हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी यांचं ते राहतं घर. तिथे रोज धान्याचे ढीग म्हणजे कबुतरांना, कावळ्यांना आणि उंदरांना आवतण. शहरातला उपद्रव उचलून शहरात उरलेल्या शेवटच्या रानाला नेऊन चिकटवायचा, याला तोडगा म्हणत नाहीत.

इथवर वाचून मराठी वाचकाने मान डोलवली असेल तर जरा थांबावं. गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर नोव्हेंबर ते मार्चमध्ये काय चालतं ते आठवा. मागे पांढऱ्या कुरवांचा थवा आणि डेकवरून त्यांच्या दिशेने उडणारे वेफर्स, कुरकुरे, गाठ्या. हा प्रकार कुठल्या एका समाजाचा नाही, त्यात आपण सगळे आहोत, कडेवरच्या पोराच्या हातात पाकीट देऊन मोबाईल धरणारे. हे कुरव मध्य आशियापासून, लडाख-तिबेटच्या सरोवरांपासून आलेले असतात. मासे, किडे, समुद्राने टाकलेलं मृत काहीबाही हे त्यांचं अन्न. परतीचा प्रवास हजारो किलोमीटरचा, आणि त्याच्या तयारीला आपण मीठ, मैदा आणि तळणीचं तेल पुरवतो. माळशेज, वरंध घाटातल्या माकडांचं आपण काय करून ठेवलंय ते सर्वांनी पाहिलंच आहे. काकबळीचं मी वेगळं धरतो. वर्षातून एकदा पानावरचा भात, तोही बहुतेकदा कावळा शिवेपर्यंत ताटकळत ठेवलेला. त्याने निसर्गाचा तोल ढळायचं कारण नाही.

आणखी एक नवी हौस आलीय, ऑनलाइन मिळणाऱ्या फीडरची. हिरव्या प्लॅस्टिकचा मनोरा, त्यात मिश्र धान्य, शेजारी कॉफीचा मग. ही कल्पना थंड देशांतली. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, दिवस आठ तासांचा होतो, तिथे मूठभर बियांनी एखादा छोटा पक्षी रात्र काढू शकतो. आपल्याकडे जानेवारीत पांगारा आणि सावर फुलायच्या बेतात असतात. आणि त्या देशांतही आता पुनर्विचार सुरू झालाय. ब्रिटनमध्ये 2005 च्या सुमारापासून ग्रीनफिंच या पक्ष्यात घशाचा एक परजीवी रोग पसरला, त्याला एकाच ताटात जेवण्यामुळे हातभार लागला, आणि 2021 मध्ये तो एकेकाळचा सर्रास दिसणारा पक्षी तिथल्या धोक्याच्या लाल यादीत गेला. तिथली सर्वांत मोठी पक्षीसंस्था वर्षानुवर्षं असे फीडर विकत आली होती. तिने 2025 मध्ये सपाट तबकांच्या फीडरची विक्री थांबवली. ज्यांच्याकडून आपण हौस उसनी घेतली ते सावध झाले आणि आपण खरेदी करतोय.

मग करायचं काय, घरापाशी पक्षी यावेत असं वाटणाऱ्याने? ही इच्छा मला अगदी रास्त वाटते. पाणी ठेवावं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीपार जातो तेव्हा मातीच्या उथळ परळातलं पाणी खरोखर जीव वाचवतं, आणि त्यावर कबुतरांची मक्तेदारीही होत नाही. बुलबुल, साळुंक्या, चष्मेवाले, नाचण सगळे येतात. रोज घासायचं, रोज बदलायचं, नाहीतर डासांची पैदास ठरलेली.

अन्नाची गोष्ट झाडांवर सोडावी. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हाही कबुतरांच्याच कुळातला आहे, हे या वादात कुणालाच आठवू नये याची मला गंमत वाटते आणि वाईटही. हळदी-हिरव्या अंगाचा, पिवळ्या पायांचा, पानांत असा मिसळणारा की उडेपर्यंत थवा आहे हे कळत नाही. तो आपल्या ज्वारीकडे ढुंकून पाहत नाही. त्याला हवा वड, पिंपळ, उंबर, पायर. एक जुना वड फळला की त्यावर हरियाल, तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या, हळद्या, आणि पुण्यामुंबईत आता राखी धनेशसुद्धा. दिवसभर पंगत उठत नाही, वाढपी नाही, बिल नाही. रात्री वटवाघळं उरलेलं आवरतात. वसंताच्या तोंडावर पांगारा, काटेसावर, पळस फुलतात तेव्हा पळसमैनांचे थवे त्या फुलांवर तुटून पडतात, मागे शिंजीर, कोतवाल. या एकेका झाडाची बरोबरी किती पोती ज्वारी करेल? तरीही आपल्या नगरपालिका रस्त्याकडेला काय लावत आल्या? गुलमोहर, पेल्टोफोरम, सप्तपर्णी, आणि टेकड्यांवर गिरिपुष्प. नव्या गृहसंकुलांत तर बिल्डरने लावलेला पाम आणि हिरवळीची लादी. दिसायला छान, पक्ष्याच्या दृष्टीने उपासमार. राज्यातल्या शहरांसाठी वृक्षसंरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे, 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. दर्जा मिळाला तरी रस्तारुंदीत आधी वडच जातो, कारण त्याचाच घेर मोठा.

फ्लॅटमध्ये वड लावता येत नाही हे मलाही कळतं. कढीपत्ता लावता येतो. त्यावर फुलपाखराच्या अळ्या येतात, पानं कुरतडतात, आणि घरातलं कुणीतरी फवारा घेऊन धावतं. तो फवारा कपाटात ठेवणं हीच पक्ष्यांना घातलेली मेजवानी. शिंप्याची जोडी त्या अळ्यांसाठीच गॅलरीत येते. जास्वंदीवर शिंजीर येतो, कुंडीत आपोआप उगवलेल्या गवताच्या तुऱ्यांवर मुनिया येतात, जर गवत उपटलं नाही तर. पाच पानं फाटकी दिसतील. पाहुण्यांना सांगावं, पाळणाघर आहे.

शिवाय पाहायला शिकावं. खाऊ घालणाऱ्याला बहुधा पक्ष्याचं नाव माहीत नसतं, हा माझा जुना अनुभव. ‘कबुतर, चिमणी, कावळा, पोपट आणि ती दुसरी तपकिरी’ इथे यादी संपते. ती दुसरी तपकिरी म्हणजे कधी साळुंकी, कधी होला, कधी सातभाई. नाव कळलं की तो काय खातो, कुठे राहतो, कधी येतो हे आपसूक कळायला लागतं आणि धान्याच्या डब्याकडे जाणारा हात थांबतो. फोनवरची ॲप आता आवाजावरूनही पक्षी सुचवतात. त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, पण सुरुवातीला आधार होतो. आपल्याकडे 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा सालीम अलींचा जन्मदिवस. मधला आठवडा राज्य सरकार पक्षी सप्ताह म्हणून साजरा करतं. फेब्रुवारीत जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, पंधरा मिनिटं खिडकीत उभं राहून दिसलं ते नोंदवायचं एवढंच काम. अशाच नोंदी गोळा होत गेल्या आणि 2023 मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा दुसरा अहवाल निघाला. त्यामागे तीस हजारांच्या आसपास निरीक्षकांच्या नोंदी होत्या, बहुतेक हौशी. त्यांनीच दाखवून दिलं की देशातल्या कितीतरी पक्ष्यांची संख्या घटत असताना ज्या मोजक्यांची भरभराट होतेय त्यांत पारवा आहे. आपण पसे भरभरून घालतो ते नेमके त्यालाच.

या निरीक्षणाचा उपयोग कुठे व्हायला हवा, तर सोसायटीच्या सभेत आणि वॉर्ड ऑफिसात. पावसाळ्याआधी धोकादायक फांद्या छाटायचं काम एप्रिल-मेमध्ये जोरात असतं. नेमका हाच कावळ्यांचा, बुलबुलांचा, शिंजिरांचा विणीचा काळ. कंत्राटदाराला फांद्यांच्या संख्येवर नाहीतर ट्रकच्या फेऱ्यांवर पैसे मिळतात, त्यामुळे धोकादायक नसलेल्याही फांद्या उतरतात आणि त्यांबरोबर अंडी-पिल्लं रस्त्यावर येतात. कबुतरांसाठी उपोषणाला बसायला तयार असलेली माणसं तेव्हा कुठे दिसत नाहीत, कबुतरांविरुद्ध मोर्चा काढणारीही नाहीत. छाटणीचं मुख्य काम हिवाळ्यात उरकावं, उन्हाळ्यात फक्त खरोखर मोडायला आलेली फांदी काढावी, आणि करवत लावण्याआधी घरटं आहे का हे कुणीतरी वर पाहून लिहून द्यावं. एवढी अट निविदेत घालायला उच्च न्यायालय लागत नाही, तज्ज्ञांची समिती लागत नाही, कुणाच्या भावनाही दुखावत नाहीत. वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान अधिकाऱ्याला पत्र लिहून मागणी करता येते, आणि पुढच्या वर्षीच्या छाटणीच्या निविदा निघायच्या आधी ती तिथे पोचायला हवी.